घरोघरच्या रुमालांतून : भारत इतिहास संशोधक मंडळाची वाटचाल

महाराष्ट्रात आपल्या घराण्याचा शिवकालीन किंवा त्याआधीचा माग काढायला निघालेला माणूस आज ना उद्या पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात येऊन पोहोचतो. कोणी देशमुखीची सनद घेऊन येतो, कोणी फाटका महजर, म्हणजे गावसभेचा निवाडा, घेऊन, कोणाजवळ आजोबांनी सांगितलेली एक हकिकत आणि मूळ गावाचे नाव एवढेच असते. मंडळाचा इतिहास अनेक अंगांनी लिहिता येईल. या स्मरणिकेसाठी तो घराण्यांच्या कागदांच्या बाजूने मांडत आहे. मंडळाची वाढ या कागदांवरच झाली, आणि ते कागद प्रथम कोणाच्या तरी घरातच होते.

स्थापनेपूर्वी

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. राज्याचे मुख्य दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, सरदार, देवस्थाने आणि मठ यांचे कागद ज्याच्या त्याच्या घरी राहिले. पुढे इनाम कमिशन आले. १८५२ च्या कायद्याने इनामदारांना आपल्या हक्काचे पुरावे सरकारपुढे मांडावे लागले आणि पुरावा अपुरा ठरला की जमिनीवर सारा बसला. त्या चौकशीची धास्ती घराघरांत बसली. कागद दाखवला तर जमीन जाईल, या भीतीने कागद बांधलेले रुमाल माळ्यावर गेले, पेटाऱ्यांत बंद झाले, काही भिंतींच्या कोनाड्यांत चिणले गेले. दोन-तीन पिढ्यांत मोडी वाचणारे कमी झाले. जे कागद भीतीने जपले होते ते आता कळेनासे झाल्यामुळे नष्ट होऊ लागले. वाळवी, कसर आणि पावसाळ्याची ओल यांनी जितके खाल्ले त्याच्या जोडीला वाण्याच्या पुड्यांनी आणि नदीच्या पाण्यानेही पुष्कळ नेले.

याच काळात इतिहासाची ओढ जागी होत होती. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ मध्ये टीका लिहिली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू झाले आणि काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी त्यातून बखरी व पत्रे छापायला घेतली. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस, मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी आपापल्या भागातील दफ्तरे उघडली. खरेशास्त्र्यांनी पटवर्धनांच्या कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये बाहेर पडला.

राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद मिळवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी दृष्टीही बदलली, याची चर्चा मात्र कमी होते. पहिल्या खंडात पानिपतच्या काळातील राजकीय पत्रे आहेत. पंधराव्या खंडापासून पुढच्या काही खंडांत मात्र ते शिवकालीन घराण्यांकडे वळले. मसूरच्या जगदाळ्यांसारख्या देशमुख घराण्यांचे तंटे, वंशावळी, निवाडे त्यांनी जसेच्या तसे छापले. स्वराज्य कोणत्या समाजातून निर्माण झाले हे समजायचे असेल तर त्या समाजातील घरे समजली पाहिजेत, हा त्यांचा विचार होता. एकट्या माणसाने हे होणार नाही, हेही त्यांना उमगले होते.

१९१० ते १९२० : मेहेंदळ्यांच्या वाड्यात

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. अप्पा बळवंत चौकाजवळचा मेहेंदळ्यांचा वाडा हेच सुरुवातीचे कार्यालय होते. सभासद जमत, कोणीतरी मिळालेला कागद वाची, त्यावर चर्चा होई, आणि वर्षअखेर ते सारे ‘इतिवृत्त’ म्हणून छापले जाई. शके १८३२ पासूनची ही इतिवृत्ते आणि त्यांच्या जोडीची संमेलनवृत्ते मंडळाच्या पहिल्या दशकाची कमाई आहे. सभासदांत वकील होते, शिक्षक होते, इनामदार होते, कारकून होते. बहुतेकांची पोटाची नोकरी दुसरीच होती. पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी प्रवास करून त्यांनी हे काम केले. त्यांतील अनेकांची नावे आता इतिवृत्तांच्या यादीतच उरली आहेत, पण पुढचे सगळे काम त्यांच्या नकलांवर उभे आहे.

पैशाची ओढाताण कायम होती. छपाईचा खर्च वर्गणीतून पुरेसा निघत नसे. तरीही कागद मिळाला की छापायचाच, त्यावर भाष्य नंतर, हा दंडक मंडळाने पाळला. मूळ कागद पुढे हरवला तरी मजकूर शिल्लक राहिला, तो यामुळे.

या दशकातील सर्वांत मोठी गोष्ट एका घराण्याच्या कागदातूनच आली. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घटना तीत तिथीवार नोंदलेल्या. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा तिच्यात दिला होता. तोपर्यंत प्रचारात असलेली तिथी वेगळी होती. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्याने आणि जोधपूरला सापडलेल्या जन्मपत्रिकेने जेध्यांच्या नोंदीला दुजोरा दिला, आणि आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनमान्य आहे. मावळातल्या एका देशमुख घराने आपल्या घडामोडी आणि राज्याच्या घडामोडी एकाच वहीत लिहून ठेवल्या, म्हणून हे शक्य झाले. घराण्याचा इतिहास हा मोठ्या इतिहासाची तळटीप असतो असे मानणाऱ्यांनी ही शकावली एकदा हाती घ्यावी.

जेध्यांचाच करीनाही मंडळाच्या परिवारातून प्रकाशात आला. करीना म्हणजे वतनाचा दावा मांडताना सांगितलेली घराण्याची सविस्तर हकिकत. अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी महाराजांच्या समोर आपल्या वतनावर पाणी सोडले, हा प्रसंग त्यात आहे. दाव्याचा कागद असल्यामुळे त्यात घराण्याची बाजू ठासून मांडलेली असते, आणि संशोधकाने ते ध्यानात ठेवूनच तो वाचायचा असतो. मंडळाच्या बैठकांत ही शिस्त हळूहळू रुजली.

१९२० ते १९३० : त्रैमासिक आणि शिवचरित्र

१९२० मध्ये मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. वार्षिक इतिवृत्तात जागा अपुरी पडू लागली होती आणि मिळालेल्या कागदाची वार्ता वर्षभर थांबवणे बरोबर नव्हते. घराण्यांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्रैमासिकाचा खरा खजिना त्यातील लहान टिपणांत आहे. एखाद्या गावचा शिलालेख, एका कुलकर्ण्याचे तक्षीमपत्र, दोन भावांत झालेल्या वाटणीचा कागद, देवळाच्या पुजारीपणाचा निवाडा, असे दोन-चार पानांचे मजकूर तिथे विखुरले आहेत. मोठ्या ग्रंथांच्या सूचीत ते सापडत नाहीत. जुने अंक धीराने चाळणाऱ्याला सापडतात.

याच दशकात शिवचरित्राच्या साधनांसाठी सर्वांनी कंबर कसली. दत्तो विष्णु आपटे आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२५ मध्ये ‘शिवचरित्रप्रदीप’ संपादित केला आणि शकावल्या, करीने एका जागी आणले. दिवेकरांनी कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची प्रत तंजावरच्या सरस्वती महालातून मिळवली. तो ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. मालोजी-विठोजींपासूनची भोसले कुळाची हकिकत त्यात शिवकालातच रचलेली आहे, आणि ती महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीकाठी, तंजावरच्या भोसल्यांच्या ग्रंथालयात टिकली. १९२६ मध्ये ‘शिवचरित्रसाहित्य’ मालेचा पहिला खंड निघाला. १९३० मध्ये नरसिंह चिंतामण केळकर व दत्तो विष्णु आपटे यांच्या संपादनाखाली ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’त हजारो पत्रांचे सार कालक्रमाने लावले गेले.

‘शिवचरित्रसाहित्य’ हे नाव पाहून पुष्कळांना वाटते की यात महाराजांचीच पत्रे असतील. खंड उघडल्यावर दिसतात मावळातली, नीरा खोऱ्यातली, कऱ्हाड-वाई प्रांतातली माणसे. हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर, कानदखोऱ्याचे मरळ, मोसे खोऱ्याचे पासलकर, आणि त्यांच्या भोवती शेकडो पाटील, चौगुले, शेटे, बलुतेदार. या मालेमागे शंकर नारायण जोशी यांचे कष्ट फार मोठे आहेत. ते खेड्यापाड्यांत जाऊन राहिले, घरातल्या वडीलधाऱ्यांचा विश्वास मिळवला, आणि इनाम कमिशनच्या काळापासून बंद असलेले पेटारे त्यांच्यासाठी उघडले गेले. एकदा विश्वास बसला की शेजारचे घरही आपणहून बोलवायचे. संशोधनाची ही रीत कोणत्याही पुस्तकात शिकवता येत नाही.

राजवाड्यांचा मुक्काम या काळात पुण्याबाहेरच अधिक राहिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि तेथूनही ‘संशोधक’ हे त्रैमासिक पुढे निघू लागले. खानदेशातील घराण्यांचा शोध घेणाऱ्याने ते अंक पाहिल्याशिवाय राहू नये. कामाची परंपरा मात्र पुणे आणि धुळे या दोन्ही ठिकाणी एकच राहिली.

१९३० ते १९५० : दफ्तरांचे खंड

दत्तो वामन पोतदार यांनी जवळजवळ तीन दशके चिटणीसपद सांभाळले. सभा भरवणे, देणगीदारांना भेटणे, नव्या मुलांना कामाला लावणे, संस्थानिकांपासून गावच्या पाटलापर्यंत सर्वांशी पत्रव्यवहार ठेवणे, ही सगळी धुरा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिली. मंडळाची सदाशिव पेठेतील वास्तू, ग्रंथालय, चित्रे-नाणी-शस्त्रे यांचे संग्रहालय यांना या पिढीने आकार दिला.

या वीस वर्षांत घराण्यांची दफ्तरे खंडरूपाने आली. कृष्णाजी वासुदेव पुरंदरे यांनी ‘पुरंदरे दफ्तर’ प्रसिद्ध केले. सासवडच्या पुरंदऱ्यांचा पेशव्यांशी असलेला पिढ्यांचा संबंध त्यातून उलगडतो. गणेश हरि खरे यांनी दिल्लीतील मराठ्यांच्या वकिलांचे, म्हणजे हिंगण्यांचे दफ्तर संपादित केले. याच काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सरकारी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद ४५ भागांत छापले. सरकारी दफ्तर आणि खासगी दफ्तर समोरासमोर ठेवण्याची सोय अभ्यासकाला पहिल्यांदाच मिळाली. एकाच वतनाचा सरकारातील हिशेब एकीकडे आणि घरातील भांडण दुसरीकडे, असे दोन्ही वाचल्यावर खरी गोष्ट दिसू लागते.

गणेश हरि खरे यांचा काळ : १९३० ते १९८५

खऱ्यांचे काम एका दशकात बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी इथे दशकांची चौकट मोडत आहे. मध्ययुगीन घराण्यांचा शोध घेणाऱ्यावर त्यांच्याइतके उपकार क्वचितच कोणी केले असतील. बहमनी, निजामशाही, आदिलशाही काळातील सनदा आणि खुर्दखते फार्सीत आहेत, किंवा वर फार्सी आणि खाली मोडी मराठी अशी दुहेरी आहेत. मराठी संशोधक आधी या काळापाशी येऊन थबकत असे, कारण कागद वाचता येत नसे. खरे फार्सी शिकले आणि ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेत मूळ मजकूर, देवनागरी रूप आणि मराठी भाषांतर देऊन त्यांनी ती वाट सर्वांना खुली केली. ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या मालेत ताम्रपट आणि शिलालेख आले. त्यामुळे यादवकाळापर्यंत मागे जाण्याची सोय झाली.

‘संशोधकाचा मित्र’ हे त्यांचे पुस्तक नवख्यांसाठी आहे. जुन्या कागदातील तारीख हा पहिला अडथळा असतो. ‘इहिदे सबैन व अलफ’ असे अरबी शब्दांत सुहूर सन लिहिलेला असतो. याचा अर्थ १०७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे इथे १६७०-७१. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून एक वर्षाचा फरक महिन्यावर अवलंबून असतो. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवतात. हिजरी सन शुद्ध चांद्र असल्याने त्याला जंत्रीच पाहावी लागते. सन, तिथी, वार आणि शिक्का यांचा मेळ बसला नाही तर कागद बनावट असू शकतो. वतनाच्या तंट्यात बनावट महजर पुष्कळ तयार झाले आहेत, आणि आपल्या घराण्याला सोयीचा कागद मिळाला की ही तपासणी अधिक कठोरपणे करावी, असा मंडळातील ज्येष्ठांचा आग्रह राहिला आहे. तो योग्यच आहे.

मंडळाच्या दारात आलेल्यांना ज्येष्ठ आणखी एक गोष्ट नेहमी सांगत आले आहेत. आडनाव धरून शोधू नका, गाव धरून शोधा. मध्ययुगीन कागदात माणूस ‘अमुक वल्लद तमुक, मोकदम मौजे अमके, तर्फ तमके, परगणे फलाणे’ असा येतो. आज जे आडनाव आहे ते तीनशे वर्षांपूर्वी असेलच असे नाही. मोकदमी करणाऱ्याचे वंशज पाटील झाले, गाव सोडून गेलेले मूळ गावाच्या नावाने ओळखले गेले, एकाच कुळाच्या शाखा वेगवेगळ्या वतनांवर वेगवेगळ्या नावांनी नांदल्या. गाव, तर्फ, परगणा आणि कुलदैवत या चार गोष्टी पक्क्या असतील तर छापील खंडांतून घराण्यापर्यंत पोहोचता येते.

आणि हा शोध फक्त देशमुख-सरदारांच्या वंशजांनी करावा, असेही नाही. महजर लिहिताना सबंध गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची व वतनदारांची न्यायसभा, हजर असे. कुणबी, सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, परीट, गुरव यांची नावे साक्षीदार म्हणून कागदावर येत. लिहिता न येणारे आपापल्या निशाण्या करत. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू. ज्यांच्या घरात एकही जुना कागद नाही, त्यांचा पूर्वज दुसऱ्याच्या कागदावर उभा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. माझ्या मते मंडळाच्या प्रकाशनांचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी वापरले गेलेले मोल आहे.

१९६० ते २०१० : बाहेरचे वाचक, घरचे वारस

सुवर्णमहोत्सवानंतरच्या काळात मंडळाचे छापील कागद दूरवर वाचले जाऊ लागले. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी गाव, वतन आणि बलुते यांवरील अभ्यासासाठी मराठी साधने मुळातून वाचली. फ्रँक पर्लिन यांनी मोठ्या देशमुख घराण्यांच्या वाढीवर लिहिताना याच खंडांचा आधार घेतला. पुण्यात अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकालीन महाराष्ट्राच्या अर्थजीवनाची मांडणी केली. बाबासाहेब पुरंदरे, निनाद बेडेकर, गजानन भास्कर मेहेंदळे यांचे कामही मंडळाच्या टेबलांवर बसूनच वाढले. पोतदार १९७९ मध्ये गेले, खरे १९८५ मध्ये. त्यांच्या पश्चात काही वर्षे चणचणीची गेली, पण पाक्षिक सभा आणि ग्रंथालय चालू राहिले. २०१० मध्ये मंडळाने शताब्दी पूर्ण केली.

आज

मंडळाच्या संग्रहात आज पंधरा लाखांच्या आसपास मोडी व फार्सी कागद आहेत आणि सुमारे तीस हजार हस्तलिखिते आहेत. यातील छापून झालेला भाग लहान आहे. मोडीचे वर्ग चालतात, आणि त्यांना येणाऱ्यांत आता संगणक क्षेत्रात नोकरी करणारे, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे सर्व जण दिसतात. बहुतेकांच्या मनात स्वतःच्या गावाचा किंवा घराचा एखादा प्रश्न असतो. कागदांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम चालू आहे. त्याने मूळ कागदाची हाताळणी कमी होईल. प्रतींची सूची लावायला मात्र मोडी वाचणारी माणसेच लागतात, आणि अशी माणसे पुरेशी नाहीत.

नव्या अभ्यासकाने क्रम असा ठेवावा : आधी गाव आणि परगणा निश्चित करावा, मग ‘शिवचरित्रसाहित्या’चे खंड आणि राजवाड्यांचे घराण्यांवरील खंड पाहावेत, मग इतिवृत्ते आणि त्रैमासिकाचे जुने अंक, आणि शेवटी अप्रकाशित कागद. कुलवृत्तांत घरात असेल तर तो सोबत असू द्यावा, पण त्यातील प्रत्येक विधानाला मूळ कागद शोधावा. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरही विसरू नये.

सभासदांना आणि वाचकांना शेवटी एक विनंती. आपल्या घरी, मूळ गावी, बंद पडलेल्या वाड्यात जुना रुमाल असेल तर तो उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करू नका. रुमालातील कागदांचा क्रम बदलू नका. कोणता कागद कशाजवळ होता हाही पुरावा असतो. मूळ कागद देण्याची इच्छा नसेल तर निदान छायाप्रत मंडळाला द्या आणि सोबत गाव, तालुका व घराण्याची तोंडी माहिती लिहून द्या. ज्यांना सवड आहे त्यांनी मोडी शिकावी आणि आठवड्यातला एक दिवस सूची लावण्याच्या कामाला द्यावा. काम पुष्कळ उरले आहे.